विजेच्या मोटारीनें हिमालयांत

आपल्या 'हिंवाळा' या शब्दाच्या पोटांत संस्कृत 'हिम' दडलेलें आहे. परंतु चिंचवड-आकुर्डीकडे ज्यांचा जन्म गेला त्यांस त्या हिमाचा अनुभव रंगीत सरबत घातलेल्या बर्फाच्या गोळ्यापलीकडे सहसा नसतो. पौषांतील पहांटे पवनेच्या कांठीं धुकें उतरतें, मोरया गोसावींच्या समाधीस जाणारे वृद्ध गृहस्थ कानटोपी घालतात, आणि एवढ्यावर आमची थंडी संपते. असें असतां याच परिसरांत तयार झालेल्या विजेच्या मोटारी घेऊन तरुण मंडळी नाताळच्या सुटींत मनालीकडे बर्फावर खेळावयास निघूं लागली आहेत. ही हौस योग्य कीं अयोग्य, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. घरांतील वडील माणसें व लेंकरें बरोबर घेऊन जावयाचें तर हें वाहन ऐन थंडींत विश्वासास पात्र आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. आणि तो आमच्या घरींच उपस्थित झाल्यामुळें त्याचा हिशेब आम्हांस कागदावर मांडावा लागला.

चाकण म्हटलें म्हणजे आमच्या पिढीस प्रथम फिरंगोजी नरसाळा आठवतो. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेपुढें त्यानें तेथील संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने झुंजविला, हें आम्हीं कित्येक वर्षें मुलांस शिकविलें. त्यानंतरचें चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. आतां त्याच माळावर मोटारींचे कारखाने एकास एक लागून उभे आहेत. मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें २०२२ सालीं आपली ईक्यूएस ही विजेची मोटार येथेंच जुळवून विकावयास काढली; महिंद्र कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें जाहीर केलेल्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या मोटारीही चाकणच्याच. बजाजची जुनी चेतक स्कूटर आम्हीं स्वतः पंचवीस वर्षें चालविली. थंडीच्या सकाळीं तिला एका कुशीवर कलती करावी लागे, आणि मगच ती लाथेस दाद देई. तीच चेतक २०१९ सालीं विजेवर चालणारी होऊन पुनः अवतरली, तेव्हां आम्हांस थोडी मौज वाटली.

आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें घेतलेल्या विजेच्या मोटारीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. आम्ही कोणाची जाहिरात करीत नाहीं. गेल्या दिवाळींत त्यानें मनालीचा बेत घरांत काढला. बरोबर सूनबाई, दोन मुलें, आणि आमच्या वहिनी, ज्यांस एकाहत्तरावें वर्ष चालूं आहे. वहिनींनीं फराळाचें ताट खालीं ठेवलें आणि आम्हांस म्हणाल्या, "भावोजी, आगगाडीनें न्या, विमानानें न्या, माझी ना नाहीं. पण बर्फांत याची वीज संपली तर या पोरांना पोटाशीं धरून मी कोठें उभी राहूं?" पुतण्या म्हणाला, "काका, नॉर्वेंत तर सगळे याच गाड्या चालवितात." आम्हीं सांगितलें, "नॉर्वे नॉर्वेच्या ठिकाणीं. तूं मंडी-कुलूचा हिशेब मांड, मग आईला उत्तर दे."

तरी नॉर्वेचा दाखला अगदींच टाकाऊ नव्हे. त्या हिमप्रदेशांत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं शेंकडा ८८ हून अधिक निव्वळ विजेच्या होत्या. तेथील मोटारमालकांच्या संघानें २०२० च्या हिंवाळ्यांत वीस मोटारी बर्फाच्या रस्त्यांवर शेवटपर्यंत पळवून पाहिल्या; कारखानदारानें सांगितलेल्या पल्ल्यापेक्षां त्या सरासरी शेंकडा १८॥ नें कमी धांवल्या. आपल्याकडेही २०१७ सालीं मनालीहून रोहतांगकडे हिमाचल सरकारच्या विजेच्या बसगाड्या सुरू झाल्या होत्या. तेव्हां थंडीच्या मुलखांत ही वाहनें चालतात, याविषयीं वाद उरत नाहीं. किती चालतात व कशानें अडतात, तें पाहावयाचें.

थंडीनें बॅटरी 'मरते' असा एक समज आहे, तो खरा नव्हे. लिथियमच्या बॅटरींत दोन ध्रुवांमध्यें एक द्रव असतो व त्यांतून लिथियमचे विद्युद्भारित कण इकडून तिकडे जातात. पारा उतरला म्हणजे हा द्रव दाट होतो, कण मंदावतात, आंतला विरोध वाढतो. हिंवाळ्यांत खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाहीं. म्हणून कांहीं तेल नाहींसें झालेलें नसतें, उन्हांत ठेवतांच तें वाहूं लागतें. बॅटरींतील विजेचें तसेंच आहे. मात्र एक गोष्ट उन्हानेंही भरून येत नाहीं. गोठणबिंदूच्या खालीं बॅटरी जोरानें भरूं गेल्यास लिथियम ध्रुवाच्या आंत मुरण्याऐवजीं धातूच्या रूपानें पृष्ठावर सांचतें, आणि ती हानि कायमची. यासाठींच गाडींतील यंत्रणा गार बॅटरीस सावकाश भरूं देते, किंवा आधीं तिला ऊब देऊन मग भरते. ताटकळलेल्या प्रवाशास हा गाडीचा हट्ट वाटतो.

आपल्या देशांतील पुष्कळ गाड्यांत लोह-फॉस्फेटाची बॅटरी असते. हिचा शोध १९९७ सालीं टेक्सासांत प्रसिद्ध झाला, आणि त्या निबंधावर पुढें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या गुडिनफ यांच्या नांवाआधीं पाधी व नंजुंडस्वामी हीं दोन भारतीय नांवें आहेत. आमच्या वैशाखास ही बॅटरी उत्तम. थंडींत मात्र ती इतरांहून अधिक कुरकुरते.

दुसरा खर्च माणसांच्या उबेचा, आणि तो घरांतील गृहिणीस लवकर समजेल. चुलीवर भात शिजत असतां शेजारच्या वैलावर पाणी फुकट तापत असे. पेट्रोलचें इंजिन म्हणजे अशीच चूल. तें इंधनाचा मोठा भाग उष्णता म्हणून वायां दवडतें, आणि तिच्यावर गाडीचा आंतला भाग आयता तापतो. विजेची मोटार काटकसरी असल्यामुळें तिला वैल नाहीं. तिच्यांत ऊब हवी तर गीझर लावल्याप्रमाणें युनिटें मोजून घ्यावी लागते. कांहीं गाड्यांत बाहेरच्या हवेंतली उष्णता ओढून आंत आणणारा पंप असतो, त्यानें हा खर्च निम्म्यापर्यंत उतरतो. आमच्या पुतण्याच्या गाडींत तो नव्हता.

आतां हिशेब. बॅटरी साठ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलांतील साठ युनिटें. हमरस्त्यानें, आपल्याकडील हवेंत, एका युनिटास सहा किलोमीटर धरले तर पल्ला ३६० किलोमीटर. थंडी व ऊब मिळून चौथा हिस्सा गेला म्हणजे युनिटास साडेचार, पल्ला २७०. चंदिगडहून मनाली सुमारें तीनशें किलोमीटर दूर, आणि सुमारें १७०० मीटर अधिक उंच. गाडी, माणसें व सामान मिळून २४०० किलो वजन तेवढें वर उचलावयास, मॅट्रिकच्या पुस्तकांतील सूत्रानें, अकरा युनिटें लागतात. साठांतून अकरा वजा जातां एकूणपन्नास. गुणिले साडेचार, म्हणजे सुमारें २२०. कारखानदाराच्या कागदावर याहून दुपटीच्या जवळपास आंकडा छापलेला होता! सारांश, वाटेंत मंडी येथें एकदां पुरें भरून घेतल्याखेरीज मनालीचें नांव काढावयाचें नाहीं, असें ठरलें.

परंतु वहिनींचा प्रश्न धांवणाऱ्या गाडीचा नव्हता, अडकलेल्या गाडीचा होता. आणि आमच्या मतें तोच खरा प्रश्न. ऑक्टोबर २०२० मध्यें ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून बर्फ पाहावयास जाणारांची गर्दी अतोनात वाढली आहे. डिसेंबर २०२४ मध्यें बर्फ पडूं लागतांच सोलंग व बोगदा यांमध्यें सुमारें एक हजार वाहनें अडकलीं, आणि पोलिसांस लोकांना सोडवून आणावें लागलें. त्याहून भयंकर प्रकार जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं घडला. बर्फांत रुतलेल्या मोटारींतच वीसाहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत संपूर्ण कुटुंबें होतीं. इंजिन चालूं ठेवून कांचा लावून बसलें, आणि मागची धुराची नळी बर्फानें बुजली, म्हणजे विषारी वायु आंत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं.

विजेच्या मोटारीस धुराची नळीच नाहीं, ही तिची मोठी जमेची बाजू. उभ्या गाडींत ऊब राखावयास तासास दीड-दोन युनिटें धरलीं तर छत्तीस युनिटांवर अठरा ते चोवीस तास निघतात. पेट्रोलची भरलेली टाकी याहून अधिक काळ पुरेल, हें कबूल केलें पाहिजे. शिवाय पेट्रोल डब्यांतून आणतां येतें, वीज येत नाहीं. म्हणून आम्हीं पुतण्यास एकच अट घातली: मनालीहून वर जावयाचें त्या दिवशीं सकाळीं शेंकडा सत्तरांहून कमी वीज असेल तर गाडी हलवावयाची नाहीं. वहिनींनीं आणखी एक घातली, ती घोंगड्यांची. सोलापुरी चादरीही नव्हेत, घोंगडींच.

गाडींत जागा पांचांची, त्यामुळें आम्ही घरींच राहिलों. पण पुतण्याला एक वही दिली व रोजचे आंकडे त्यांत लिहावयास सांगितलें. पुढील वृत्तांत त्या वहींतला आहे.

नाशिक, धुळें, इंदूर या वाटेनें चंदिगडपर्यंतचे सुमारें सतराशें किलोमीटर चार दिवसांत पार पडले. त्यांत लिहिण्यासारखें थोडेंच. एका ठिकाणचें चार्जिंगचें यंत्र बंद, दुसऱ्यापुढें चार गाड्यांची रांग. पण शेंकडा तिसांच्या खालीं उतरावयाचें नाहीं हा नियम असल्यामुळें घाबरगुंडी उडाली नाहीं. मुलांस पाय मोकळे करावयास मिळाले, आणि वहिनींस दर दोन-तीन तासांनीं थांबावें लागतेंच, त्यांची अडचण आपोआप दूर झाली. मंडीस सत्तर मिनिटें थांबले. मंडी ते मनाली या एकशेंदहा किलोमीटरांच्या चढास तेहतीस युनिटें गेलीं. आमच्या कागदावरही तेहतीसच होतीं. वहींत या आंकड्याखालीं दोन रेघा मारल्या आहेत.

मनालीच्या मुक्कामीं पंधरा अँपियरच्या साध्या प्लगावर गाडी लावली. रात्रभरांत तीस युनिटें मिळावयाचीं, तेथें वीसच मिळालीं. संध्याकाळीं सगळें गांव शेगड्या पेटवितें व व्होल्टेज उतरतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं शेंकडा ८३ झाले, तेव्हां सोलंगला निघाले. गाडी प्लगाशीं जोडलेली असतांनाच आंतली ऊब सुरू केली, म्हणजे तेवढा खर्च मुक्कामाच्या विजेवर पडला. (त्याचे पैसे अर्थात् वेगळे दिले.) मुलें पायांस लांब फळ्या बांधून तासभर घसरलीं, बहुतेक वेळ पाठीवर. सूनबाईनें पहिल्याच उतारावर तोल संभाळला, हें पुतण्यानें थोड्या नाराजीनेंच नोंदविलें आहे.

परततांना दुपारीं बर्फ सुरू झालें आणि रांग थांबली. तीन तास! वहींत दर अर्ध्या तासाचा आंकडा आहे: ७१, ७०, ६९, ६८, ६६, ६५, ६४. म्हणजे तासास दीड युनिटाच्या आंतच. पुतण्यानें गाडींतली हवा कडक तापविण्याऐवजीं बैठकीखालची ऊब सुरू केली होती, तिला वीज फार थोडी लागते. आणि घोंगडीं पायांवर होतीं. वहिनींनीं त्या वेळांत नातवंडांस रामरक्षा दोनदां म्हणावयास लावली व नंतर शेंगदाण्याचे लाडू वांटले. पुढच्या एका गाडीचा चालक मात्र उतरून सारखा मागची नळी मोकळी करीत होता.

उतारावर याच गाड्या चढाचा कांहीं खर्च परत करतात: वेग आवरतांना चाकेंच मोटरीस फिरवितात व वीज उलट बॅटरींत जाते. मनालीहून मंडीस उतरतांना तेहतीसांऐवजीं एकोणीस युनिटें लागलीं. तथापि येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. बॅटरी गार किंवा पूर्ण भरलेली असेल तर ती ही वीज घेत नाहीं, आणि रोजचा ओळखीचा रोध पायाखालून एकदम नाहींसा होतो. उलट निसरड्या बर्फावर तोच रोध एकाएकीं लागला तर चाकें घसरतात. म्हणून घाटांत तो अगदीं कमी ठेवून ब्रेक हळू वापरावा, असें वहींत ठळक अक्षरांत आहे. हें सूनबाईचें अक्षर आहे.

मंडळी सुखरूप परत आलीं. आतां मुलें पुढच्या सालीं गुलमर्गास जाऊं म्हणत आहेत. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासएक किलोमीटर, चढ हजार मीटरांहून थोडा अधिक. टंगमर्गच्या पुढें हिंवाळ्यांत चाकांस साखळ्या बांधाव्या लागतात, त्यांनीं पल्ला आणखी किती उतरेल तो वेगळाच. मुक्कामाच्या ठिकाणीं पंधरा अँपियरचा प्लग आहे काय, आणि रात्रीं तेथें व्होल्टेज किती असतें, हें आधीं पत्रानें विचारून घ्यावें, असें पुतण्यास सांगितलें आहे. नवी वही दिली आहे. या खेपेस हिशेब धाकट्या नातवानें मांडावयाचा आहे.