तिकोणा पेठ : गाव आणि गणती

पेठ म्हटले की बाजार डोळ्यांपुढे येतो. तिकोणा पेठ मात्र आज मावळ तालुक्यातले एक साधे खेडे आहे. माथ्यावर तिकोणा ऊर्फ वितंडगड, खाली पवनेचे खोरे, त्यात धरणाचा जलाशय, पलीकडे तुंग. जमिनी मावळच्या बुडाल्या, पाणी पिंपरी-चिंचवडला गेले. भूगोल इथवर सांगतो.

लोकसंख्येकडे वळताना कार्यकर्त्याने सावध राहावे. जनगणनेच्या गाववार तक्त्यात अनुसूचित जातींचा रकाना असतो, धर्माचा नसतो. १९५६ नंतर पूर्वाश्रमीचा महार समाज गणतीत स्वतःला बौद्ध सांगू लागला. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध माणूस अनुसूचित जातीत बसत नव्हता. म्हणजे एक रकाना नाकारलेला, दुसरा छापलेलाच नाही! ज्यांनी सवलतीसाठी वा धाकापोटी 'हिंदू महार' लिहिले, ते तेवढे रकान्यात उरले. म्हणून १९६१, १९७१ किंवा १९८१ च्या तक्त्यात मावळातल्या एखाद्या गावापुढे शून्य दिसले, तर तिथे बौद्धवाडा नव्हता असे कोणी समजू नये. वस्ती गावकुसाबाहेर होतीच. कागदावर ती एकूण बेरजेत विरघळली होती.

१९९० मध्ये कायदा बदलला. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ ला ७.१ टक्के होते, ते १९९१ ला ११.१ झाले. काही शहाणे याला जननदराची करामत समजतात! तिकोणा पेठेचे आकडे जुळवणाऱ्या विद्यार्थ्याने या दोन गणतींमध्ये ठळक रेघ ओढावी, आणि रेघेअलीकडची घरे वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारून मोजावीत.