परग्रहासाठी घडवलेली माणसे

एका अनोळखी ग्रहावर यान कोसळते. ग्रहावर जिकडेतिकडे पाणी. जमीन म्हणावी असा एक छोटासा तुकडा आणि त्यावर गोड्या पाण्याची डबकी. यान दुरुस्त होण्यासारखे नाही, सुटकेसाठी कोणी येणार नाही. मरण दिसत असताना यानातले शास्त्रज्ञ हातचे काम पूर्ण करायचे ठरवतात. स्वतःच्याच पेशी घेऊन ते त्या डबक्यांत जगू शकतील अशी, डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढी सूक्ष्म माणसे घडवतात. ही माणसे कोण, कुठून आली, हे धातूच्या इवल्याशा पत्र्यांवर कोरून ठेवतात आणि मरून जातात. पुढे अनेक पिढ्यांनंतर डबक्यातली माणसे लाकडाचे जेमतेम दोन इंची ‘यान’ बांधतात. पाण्याच्या पृष्ठभागावरचा पातळ पडदा हेच त्यांचे आकाश. तो भेदून त्यांना शेजारच्या डबक्यात जायचे असते.

अमेरिकन लेखक जेम्स ब्लिश यांची ‘सरफेस टेन्शन’ म्हणजे ‘पृष्ठताण’ ही कथा १९५२ सालची. डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा शोध जाहीर झाला तो त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे जनुक म्हणजे नेमके काय हे नीट कळण्याआधीच कथालेखक ते बदलून मोकळा झाला होता! परका ग्रह पृथ्वीसारखा करण्याऐवजी माणूसच त्या ग्रहाजोगा घडवायचा, या कल्पनेला ब्लिश यांनी ‘पॅन्ट्रॉपी’ असे नाव दिले. त्यांच्या अशा कथांचा ‘द सीडलिंग स्टार्स’ हा संग्रह १९५७ मध्ये आला.

ही कल्पना केवळ कथाकारांची राहिली नाही. विख्यात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९६२ मध्ये लंडनच्या एका परिसंवादासाठी त्यांनी माणसाच्या पुढच्या दहा हजार वर्षांबद्दल निबंध लिहिला. कमी गुरुत्वाकर्षणात माणसापेक्षा गिबन कपी अधिक सोयीचा, असे त्यात ते म्हणतात, कारण त्याला पायांनीही पकडता येते. लांब पाय यानात निव्वळ अडचण. अपघातात पाय गमावलेला माणूस उलट चांगला अंतराळवीर ठरेल, इथपर्यंत त्यांची मजल गेली. हाल्डेन यांना लोकांना दचकवण्याची हौस होतीच, पण हिशेब चुकीचा नव्हता.

शरीराला अडचण येते हे तर खरेच. अंतराळस्थानकात वजनरहित अवस्थेत कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा असतो. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. तेवढ्या ओढीत माणूस वर्षानुवर्षे राहिलेलाच नाही. चंद्रावरचा सर्वांत लांब मुक्काम अपोलो १७ चा, तोही तीन दिवसांच्या थोडा वर. किरणोत्साराचे आकडे मात्र ‘क्युरिऑसिटी’ गाडीने मोजून पाठवले आहेत. मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट. पृथ्वीवर निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तिथे तेवढे चार दिवसांत मिळतील.

मग जनुके बदलावीत का? कच्चा माल आहे. तिबेटी लोकांमध्ये ‘ईपीएएस१’ या जनुकाचे एक वेगळे रूप आहे. त्यामुळे विरळ हवेतही त्यांचे रक्त दाट होत नाही. हे रूप डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. आग्नेय आशियात समुद्रात बुड्या मारून जगणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी लोकांपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असते. अमेरिकेतील एका कुटुंबाची हाडे ‘एलआरपी५’ या जनुकातील बदलामुळे विलक्षण घट्ट असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये टार्डिग्रेड या चिवट सूक्ष्मजीवाचे ‘डीसप’ प्रथिन मानवी पेशींत तयार करवले, तर क्ष-किरणांमुळे डीएनएला होणारी इजा सुमारे ४० टक्क्यांनी घटली.

वाचताना वाटते, आता फक्त जुळवाजुळव करायची. पण प्रत्येक देणगीचे बिल येते. घट्ट हाडांच्या त्या माणसांना पोहताना पाण्यावर तरंगणे कठीण जाते. डीसप प्रथिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत घातले, तेव्हा रक्षण होण्याऐवजी डीएनएची हानीच वाढली. याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडे आहे. सिकलसेलच्या जनुकाची एक प्रत असेल तर मलेरियाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळते. आईवडील दोघांकडून ती आली तर आयुष्यभराचे दुखणे. डासांच्या मुलखात ज्याने तारले, तेच डास नसलेल्या जागी नुसते ओझे होते. जनुकाचा गुण ठरतो तो परिसरावरून. मंगळासाठी केलेला बदल पृथ्वीवर काय करील, हे म्हणूनच आधी विचारायला हवे.

इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशी बदलतात; तो बदल मुलांकडे जात नाही, आणि संमती रुग्ण किंवा त्याचे पालक देतात. भ्रूणात केलेला बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. चीनच्या हे जियानकुई यांनी एचआयव्हीपासून संरक्षण म्हणून जुळ्या मुलींच्या भ्रूणातील ‘सीसीआर५’ जनुकात फेरफार केल्याचे नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले. जगभर संताप उसळला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद झाली. परग्रहावरच्या वसाहतीसाठी माणूस घडवायचा तर तो या दुसऱ्या वाटेनेच घडणार.

त्या वाटेचे टोक लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी ‘फॉलिंग फ्री’ या १९८८ च्या कादंबरीत दाखवले आहे. वजनरहित अवस्थेत काम करण्यासाठी एक कंपनी सुमारे हजार माणसे तयार करते. त्यांना पाय नाहीत. पायांच्या जागी आणखी दोन हात. नाव ‘क्वाडी’. चार हातांनी ती झपाझप वेल्डिंग करतात, त्यांना सुट्टीसाठी ग्रहावर पाठवावे लागत नाही, हाडे झिजण्याची चिंता नाही. कागदोपत्री ती माणसेही नाहीत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊती आहेत. कोणी कोणापासून मूल व्हावे हे कंपनी ठरवते. हे सहन न होऊन एक जोडपे तान्ह्या मुलाला घेऊन पळते आणि चुकीच्या यानात लपते. ते यान ग्रहावर उतरते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचे वजन कळते. बाळाला धरायचे की हातांवर सरपटायचे, अशी त्या आईची गत होते.

पण खरा घाव पुढे आहे. दुसरीकडे कोणीतरी कृत्रिम गुरुत्वाकर्षणाचा शोध लावते आणि क्वाडी एका दिवसात कालबाह्य होतात. पाय असलेली माणसे आता कुठेही काम करू शकणार. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगार रस्त्यावर आले, पण निदान त्यांना रस्त्यावर चालता येत होते. क्वाडींची विल्हेवाट कशी लावायची, यावर कंपनीत हिशेब सुरू होतो. त्यांना शिकवायला आलेला वेल्डिंगचा अभियंता लिओ ग्राफ मग त्यांच्या बाजूने उभा राहतो.

यावर हमखास एक आक्षेप येतो: मुलाला विचारून कोण जन्म देतो? न्यू जर्सीला गेलेल्या मराठी आईवडिलांनी तरी मुलांना कुठे विचारले होते? खरे आहे. पण ती मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे पुण्याला येतात, वाटले तर परततातही. ३८ टक्के ओढीसाठी घडवलेल्या हाडांना परतीचे तिकीट नसते. आणि शेजारी राहूनही मला ब्लिश यांचे शास्त्रज्ञ आणि बुजोल्ड यांची कंपनी एका पंगतीत बसवता येत नाही. डबक्यातल्या माणसांना घडवणाऱ्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता, त्यातून त्यांना काही मिळणारही नव्हते. कंपनीकडे पर्याय होते. तिला स्वस्त मजूर हवे होते. मंगळावरही मातीच्या जाड थराखाली घरे बांधली तर किरणोत्सार बराच अडवता येतो. माती खोदायला कोणाच्या भ्रूणाला हात लावावा लागत नाही.

‘द सीडलिंग स्टार्स’मधल्या शेवटच्या कथेत हजारो वर्षे लोटली आहेत. बदललेली माणसे आकाशगंगाभर पसरली आहेत आणि मूळ घाटाची माणसे मूठभर उरली आहेत. एका यानाचे कर्मचारी या मूळ घाटाचे, तर प्रवासी सीलसारख्या शरीराचे. कर्मचाऱ्यांना त्या प्रवाशांचा वासही सहन होत नाही. ते त्यांना आपल्यात वावरू देत नाहीत. यान एका ओसाड, वाळवंट झालेल्या ग्रहाकडे निघाले आहे. मूळ माणसाला तिथे आता राहता येत नाही, म्हणून बदललेल्या माणसांची वस्ती करायची आहे. तो ग्रह म्हणजे पृथ्वी.