मुलाची गोळी बदलली, म्हणजे आजार वाढला?

बायपोलर आजार असलेल्या मुलाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी नवं औषध लिहिलं की जोगेश्वरीत मेघवाडीच्या चाळीत काय किंवा लिंक रोडच्या टॉवरमध्ये काय, पहिला प्रश्न हाच येतो. बहुतेक वेळा आजार वाढलेला नसतो. मुलाचं वजन वाढतं, वयात येताना शरीर बदलतं. मोठ्यांपेक्षा मुलांची मूत्रपिंडं लिथियम हे या आजारावरचं औषध भराभर बाहेर टाकतात. त्यामुळे डोस पुन्हा पुन्हा ठरवावा लागतो. नवं औषध चढवताना जुनं हळूहळू उतरवतात. त्या काही आठवड्यांत मूल चिडचिडं, झोपाळू किंवा सुन्न वाटू शकतं. त्यात आईवडिलांचं काही चुकलेलं नसतं.

‘आता बरा आहे, मग गोळ्या कशाला?’ हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. तो बरा आहे त्यात गोळ्यांचा मोठा वाटा असतो. लिथियम एकदम तोडलं तर आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. ‘सवय लागेल’ ही भीतीही निराधार आहे. या औषधांचं व्यसन लागत नाही.

याच आजारावरच्या लॅमोट्रिजिनचं गणित वेगळं आहे. ते अगदी लहान डोसने सुरू करून एक-दोन आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवतात, कारण घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. सोबत व्हॅलप्रोएट हे औषध असेल तर आणखी सावकाश. गणपतीला कोकणात गेलात, गोळ्या घरीच राहिल्या आणि पाच-सहा दिवस चुकले, तर परतल्यावर थेट जुना डोस देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा. बहुधा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं.

लिथियमबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, तेव्हापासून ते वापरात आहे. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर कमी असतं, म्हणून रक्ततपासणी लागते. डोस बदलल्यावर साधारण ५ ते ७ दिवसांनी, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. म्हणजे तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच. पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलीमोल प्रति लिटरच्या दरम्यान हवी. ‘एकदा रिपोर्ट नॉर्मल आला, आता बघायला नको’ हेही चूक. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून होत राहते.

मुंबईच्या हवेत खरी गोम पाण्याची आहे. मे महिन्याचा घाम, पावसाळ्यातले जुलाब, पाणी न पिता केलेला उपास, यांनी अंगातलं पाणी आणि मीठ घटतं आणि लिथियमची पातळी चढते. जेवणातलं मीठ अचानक तोडू नये. रोजा धरायचा असेल तर रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोला. अंगदुखीला घरातली ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका, तीही पातळी वाढवते. उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. हातातला पेला डचमळेल इतका थरकाप, अडखळती चाल, जड जीभ दिसली तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. जोगेश्वरीतलं महामार्गालगतचं पालिकेचं ट्रॉमा केअर रुग्णालय किंवा कूपर रुग्णालय गाठा.

मुलीला व्हॅलप्रोएट दिलं असेल तर एक गोष्ट लाजून टाळू नका. गरोदरपणात ते घेतल्यास दर १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. मुलगी वयात येतानाच डॉक्टरांशी पर्यायांबद्दल बोला. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.

भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब लिहितोच. त्याच चौकटीत झोपेचे तास, चुकलेली गोळी, वेगळं वाटलेलं वागणं टिपत चला. ‘रात्रभर जागतो आणि तरी थकत नाही’ ही नोंद डॉक्टरांना फार मोलाची वाटते. आणि मध्यरात्री घाबरायला झालं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलतो. तो आजच फोनमध्ये टाकून ठेवा.