सावलीत तगणारी हिरवाई

रोपवाटिकेत टवटवीत दिसणारे रोप घरी आणल्यावर दोन-तीन महिन्यांत पिवळे का पडते, हा शहरातल्या अनेक घरांना पडणारा प्रश्न आहे. खत कमी पडले, हवा मानवली नाही, हाताला गुण नाही, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. खरे कारण बहुधा साधे असते. घरात त्या रोपाला पुरेल इतका उजेड नसतो आणि माणसाला मात्र तो भरपूर वाटत असतो.

उजेड मोजण्याच्या कामी डोळा फार फसवा आहे. प्रकाश कमी झाला की बाहुली विस्फारते आणि खोली उजळच भासत राहते. भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो; खिडकीपासून आठ-दहा फुटांवर, सोफ्याच्या कडेला, तो अनेकदा शंभर-दोनशे लक्सवर आलेला असतो. समोरची इमारत जवळ असली, खिडकीला गडद काच असली, तर त्याहूनही कमी. रोप विकत घेण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. दुपारी जिथे कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा ठसठशीत दिसल्या तर उजेड चांगला आहे. पुसट पण ओळखू येणारा पंजा दिसला तर सावलीतल्या वनस्पती तिथे जगतील. सावली उमटतच नसेल, तर तो कोपरा शोभेच्या एखाद्या फुलदाणीसाठी राखलेला बरा. ऋतूंचाही विचार हवा. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलीत खोलवर येते, मे महिन्यात तेच खिडकीच्या चौकटीशी थांबते. आणि पावसाळ्याचे चार महिने सगळ्याच खिडक्या मंदावतात.

‘कमी उजेड आवडणारी झाडे’ हा विक्रेत्यांचा शब्दप्रयोग तितकासा खरा नाही. अंधार कोणत्याच हिरव्या वनस्पतीला आवडत नाही. मात्र घनदाट अरण्यात उंच वृक्षांच्या छत्राखाली वाढणाऱ्या काही वनस्पतींनी तुटपुंज्या प्रकाशात गुजराण करण्याची सवय लावून घेतली आहे. त्या वाढतात हळू, आणि जगण्यासाठी खर्चही कमी करतात.

अशा वनस्पतींत सर्वाधिक भरवशाचे रोप म्हणजे झेडझेड प्लांट. मूळचे पूर्व आफ्रिकेतले हे रोप १९९६च्या सुमारास हॉलंडमधील रोपवाटिकांनी मोठ्या प्रमाणावर वाढवायला घेतले आणि तिथून ते जगभर पसरले. मातीखाली बटाट्यासारखे कंद असल्याने पाण्याचा साठा त्याच्यापाशीच असतो. स्नेक प्लांटही असेच सोशिक. अग्लोनेमाच्या हिरव्या-रुपेरी जाती आतल्या खोलीत बऱ्या तगतात. लाल-गुलाबी पानांच्या देखण्या जातींना मात्र खिडकी लागते. मनी प्लांटचेही तेच आहे. पानावरचा पांढरा भाग हरितद्रव्याविना असतो, म्हणून पांढऱ्या नक्षीची वेल अंधारात मागे पडते आणि साधी हिरवी टिकून राहते. पीस लिली सावलीत जगते, पण फुलांची अपेक्षा धरू नये. अरेका पाम घरातले झाड म्हणून सर्रास विकला जातो. खिडकीपासून दूर ठेवल्यास तो काही महिन्यांत झिपरा होतो. तुळशीला तर ऊनच हवे, तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कोंडणे हा अन्यायच आहे.

निवड अचूक झाली तरी बहुतेक रोपे मरतात ती पाण्याने. उजेड कमी म्हणजे पानांतून होणारे बाष्पीभवन कमी, आणि मुळांची तहानही कमी. त्यात रोपवाटिकेतली रोपे बहुधा कोकोपीटमध्ये असतात. ते ओल धरून ठेवते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कुंडी आठवडाभरही सुकत नाही. रोज सकाळी चहासोबत झाडांना पाणी घालण्याचा शिरस्ता मुळे कुजवतो. मुळे कुजली की पाने माना टाकतात, त्यामुळे तहान लागली असे वाटून आणखी पाणी घातले जाते. दोन इंच बोट मातीत खुपसून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. झेडझेडला हिवाळ्यात तीन आठवड्यांतून एकदा पुरते. कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे आणि बाटलीतल्या मनी प्लांटचे पाणी आठवड्यातून एकदा बाटली घासून बदलावे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो.

खरेदी करताना ऐकवल्या जाणाऱ्या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देतो, असे सांगितले जाते. ही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते हे खरे; परंतु प्राणवायू तयार होण्यासाठी प्रकाशच लागतो. दुसरा दावा हवा शुद्ध करण्याचा. त्याचे मूळ नासाच्या १९८९ मधील प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान बंद पेट्यांत झाले होते. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये फेरआढावा घेतला गेला, तेव्हा साध्या वायुविजनाची बरोबरी करण्यासाठी दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजार रोपे लागतील, असा हिशेब निघाला. खिडकी उघडणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात डायफेनबॅकिया खाली ठेवू नये. त्याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यास तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. अग्लोनेमा, मनी प्लांट, पीस लिली ही त्याच अळूच्या कुळातली भावंडे; त्यांच्याही कुंड्या उंचावर असाव्यात.

आतला कोपरा फारच अंधारा असेल, तर एकाच जातीची दोन रोपे घेऊन ती पंधरवड्याने आलटूनपालटून खिडकीत ठेवण्याची युक्ती चालते. बदली करताना रोप थेट उन्हात ठेवू नये, सावलीला सरावलेली पाने एका दुपारीत करपतात. जागा बदलणे शक्य नसल्यास पांढऱ्या प्रकाशाचा साधा एलईडी दिवा रोपापासून फूटभर अंतरावर दहा-बारा तास लावला तरी भागते.