मॅट की ग्लॉसी? आधी आरसा धरा!

तुमच्यापैकी बहुतेकजण एकदा तरी माथेरानला आले असतील. ट्रेक म्हणून, पिकनिक म्हणून, नाहीतर सबमिशन संपल्याच्या आनंदात. अस्मादिकांचं मात्र ते आजोळ. मामांचं तिथे सहा खोल्यांचं छोटंसं लॉजिंग आहे. आणि गेली दोन वर्षं त्या लॉजिंगच्या एका भिंतीवर माझ्या इंजिनिअरिंगची अब्रू टांगलेली होती. त्याचीच ही हकिकत, आणि तिच्या निमित्ताने पहिल्या वर्षाच्या फिजिक्सची थोडी उजळणी.

झालं असं की, लॉजिंगला पश्चिमेच्या अंगाला लांबट व्हरांडा आहे. पावसाचा मारा आत येऊ नये म्हणून मामांनी तो काचांनी बंद करून घेतला. गिऱ्हाइकं तिथेच बसतात, चहा-भजी तिथेच होते, समोर दरी दिसते. मॅच असली की मात्र सगळ्यांना टीव्ही हवा. जुना टीव्ही एकदाचा बंद पडला तेव्हा मामा म्हणाले, "तू इंजिनिअर होतोयस ना? मग तूच सांग कोणता घ्यायचा ते."

झालं! स्वारी कर्जतला एका दुकानात. आत एसी, दिवे मंद, भिंतीवर ओळीने टीव्ही. एकाचा पडदा आरशासारखा चकचकीत, म्हणजे ग्लॉसी. त्यातला काळा रंग असा की नुकतंच डांबर ओतलंय. शेजारच्याचा पडदा मॅट. त्याच्यापुढे तो जरा धुरकटच वाटला. मी पाच मिनिटांत ग्लॉसी पसंत केला आणि वर मामांना कॉन्ट्रास्ट म्हणजे काय यावर लेक्चरही दिलं.

आता माथेरानची गंमत तुम्हाला ठाऊक आहेच. दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडी जात नाही. टेम्पो नाक्यावर थांबला. तिथून दोन हमालांनी ते खोकं उभंच्या उभं धरून लाल मातीच्या रस्त्याने आणलं, आणि मामा सगळी वाट त्याला हात लावून चालले. थोडक्यात काय, तर माथेरानात एकदा वर गेलेली वस्तू बदलून आणायला कोणी खाली जात नाही. दुकानातली "सात दिवसांत बदलून मिळेल" ही पाटी कर्जतलाच राहिली.

रविवार दुपार. मॅच सुरू. आणि एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, ह्यात तर आम्हीच दिसतोय!" खरंच, पडद्यावर पीच कमी आणि दरी जास्त. झाडं, काचांच्या चौकटी आणि मधोमध केटली घेऊन उभे असलेले मामा. मामा मला काही बोलले नाहीत. त्यांनी निमूटपणे काचांना चादरी लावल्या. मग मॅच दिसायला लागली, पण दरी बघायला आलेली माणसं भर दुपारी अंधारात बसली. एक कुटुंब चहा अर्धा टाकून बाहेर गेलं. मामा रागावले असते तर परवडलं असतं.

चार टक्क्यांचा घोळ

चूक काय झाली? काचेचा अपवर्तनांक साधारण १.५ धरा. हवेतून काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशातला किती भाग परत फिरतो याचं सूत्र आपण शिकलोय: (१.५ − १) भागिले (१.५ + १), आणि त्याचा वर्ग. उत्तर ०.०४, म्हणजे ४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ४ टक्के कशाचे, ते बघा.

पडद्याची उजळता 'निट'मध्ये मोजतात. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. साध्या टीव्हीचा पांढरा रंग ३०० निट धरू, आणि काळा ०.१ निट. म्हणजे अंधारात कॉन्ट्रास्ट ३००० ला १. आता समोरच्या काचेतून पांढरं आकाश दिसतंय, ते ३००० निट धरू. त्याचे ४ टक्के म्हणजे १२० निट. तुमचा काळा ०.१ निट आणि त्यावर बसलेली खिडकी १२० निट! रात्रीच्या प्रसंगाचा सिनेमा असेल तर पडद्यावर फक्त खिडकीच दिसणार. दुकानात हे कळलं नाही, कारण तिथे पडद्यासमोर खिडकीच नव्हती.

मॅट काय करतं?

मला वाटायचं की मॅट पडदा प्रकाश "खातो". साफ चूक. ४ टक्के तिथेही परत येतातच. फरक इतकाच की मॅटचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, त्यामुळे ते एका दिशेने न येता चहूकडे पसरतात. पॉलिश केलेली फरशी आणि शहाबादी फरशी, असा हा फरक आहे. खिडकीची आकृती मोडते, पण तिचा उजेड पडद्यावर सांडतो.

मी मोबाईलच्या सेन्सरने पडद्याच्या जागी दुपारचा उजेड मोजला. साधारण १००० लक्स आला. ह्याचे ४ टक्के सगळीकडे सारखे पसरले असं मानलं, तर १००० गुणिले ०.०४ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे १३ निट. म्हणजे १२० निटची खिडकी गेली, पण अख्ख्या पडद्यावर १३ निटची साय आली. काळा रंग राखाडी झाला, आणि कॉन्ट्रास्ट ३०० अधिक १३ भागिले १३, म्हणजे जेमतेम २४ ला १. खरा मॅट पडदा इतका खडबडीत नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बदलतो. पण मुद्दा तोच: मॅट म्हणजे उजेड कमी करणं नव्हे, वाटून टाकणं.

उजेड खरंच कमी करायचा तर दुसरी युक्ती आहे, आणि ती परीक्षेत हमखास येते: थिन फिल्म इंटरफिअरन्स. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा (अपवर्तनांक १.३८) पाव तरंगलांबीचा थर द्यायचा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर. भागिले ४, भागिले १.३८, म्हणजे थर झाला सुमारे १०० नॅनोमीटरचा. वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि ४ टक्क्यांचे दीडच्या आत येतात. चष्म्याच्या काचेवर जी हिरवट-जांभळट झाक दिसते ती ह्याच जातीच्या थरांची. महागड्या ग्लॉसी टीव्हींवर असलं कोटिंग असतं. तरीही ३००० निटच्या खिडकीचे ४० निट उरतातच.

म्हणून कंपन्यांचंही ह्यावर एकमत नाही. सॅमसंगने भिंतीवर चित्रासारखा टांगायचा 'द फ्रेम' २०२२ मध्ये मॅट केला. ते शहाणपणाचंच होतं, कारण चित्रावर चकाकी नको. २०२४ मध्ये त्यांनी एस ९५ डी हा महागडा ओएलईडीसुद्धा मॅट पडद्याचा आणला, तेव्हा मात्र रसिकांत दोन तट पडले. दिवसा बघणारे खूश, अंधारात सिनेमा बघणारे नाराज. दोघंही आपापल्या खोलीपुरते बरोबर!

मामींचा प्रयोग

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा वर गेलो. खरं तर नवीन मॅट टीव्ही घ्या, असं सांगायला. पण मामांना पुन्हा खर्चात पाडायचं धाडस होईना. मग विचार केला, ग्लॉसी पडदा म्हणजे आरसाच ना? मग आरसाच धरून बघू. मामांचा दाढीचा आरसा घेतला, टीव्हीच्या जागी भिंतीला टेकवून धरला, आणि मामींना एकेका खुर्चीत बसवून विचारलं, "काय दिसतंय?"

"काच. काच. झाड. पुन्हा काच."

टीव्ही होता घराच्या भिंतीवर, म्हणजे काचांच्या बरोब्बर समोर. मग आरसा घेऊन व्हरांड्याच्या टोकाच्या आखूड भिंतीवर गेलो. तिथून समोर दुसऱ्या टोकाची भिंत येते. गडद तपकिरी ऑइल पेंट, आणि पुढे लाकडी कपाट. मामी काचेकडच्या खुर्च्यांवरून म्हणाल्या, "भिंत." मधल्या खुर्च्यांवरून, "कपाट." घराच्या भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "इथून अजून काच दिसतेय बघ." मी आरसा किंचित घराच्या भिंतीकडे वळवला. "गेली!"

हेही शाळेतलंच. आरसा जितके अंश फिरवाल त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो. फिरणारा ब्रॅकेट बसवून टीव्ही १५ अंश वळवला, किरण ३० अंश वळला. दोन भोकं, चार स्क्रू आणि एक लांब वायर, बस्स!

आकड्यांत सांगायचं तर, त्या गडद भिंतीवर २०० लक्स उजेड पडतो आणि ती त्यातला पाचवा हिस्सा परत टाकते असं धरलं, तर ती दिसते साधारण १३ निट. त्याचे ४ टक्के म्हणजे अर्धा निट! (पडद्याच्या आतल्या थरांवरून परतणारा उजेड इथे सोडून दिलाय.) तोच टीव्ही, तोच व्हरांडा, तीच दुपार, १२० चा अर्धा निट झाला. चादरी निघाल्या, दरी परत आली.

मग मॅट घ्यायचाच नाही का?

घ्यायचा ना! ह्या वर्षी मामांनी वरच्या खोलीत टीव्ही घेतला, आणि तो मॅटच घेतला. त्या खोलीत पलंग, दार आणि खिडकी अशी की टीव्हीला एकच भिंत उरते, आणि ती खिडकीसमोर. आरसा कसाही धरा, खिडकी दिसतेच. अशा ठिकाणी स्पष्ट खिडकीपेक्षा पसरलेली साय परवडली. मात्र पावसाळ्यात धुकं खिडकीला येऊन टेकतं, सगळी खिडकी पांढरीफेक होते, तेव्हा चित्र फिकं पडतं. तेवढ्यापुरता पडदा ओढावा लागतो, आणि तसंही तेव्हा बाहेर बघायला काही नसतं.

तर थोडक्यात सांगायचं म्हणजे:

आरशात गडद भिंत दिसत असेल, किंवा टीव्ही वळवून दिसू शकत असेल, तर खोली उजेडाची असली तरी ग्लॉसी घ्या. कोटिंग असेल तर उत्तम. खिडकी किंवा ट्यूबलाइट टाळताच येत नसेल, तर मॅट. आणि आरशात सगळीकडून पांढरं दिसत असेल, तर दोन्ही हरणार. तिथे आधी पडद्याच्या कापडाचा खर्च करा, आणि जास्त निटचा टीव्ही बघा.

दुकानात मोबाईलचा टॉर्च पडद्यावर मारून बघा. लखलखीत ठिपका दिसला तर साधा ग्लॉसी, मंद जांभळट किंवा हिरवट ठिपका दिसला तर कोटिंगवाला, फुटलेला पांढरा डाग दिसला तर मॅट. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. आणि मॅट असो वा कोटिंगवाला, पडदा कोरड्या फडक्याने घासू नका, काच पुसायचा निळा फवाराही मारू नका. आमच्याकडची लाल माती तर पॉलिश पेपरचं काम करते. आधी धूळ हलकेच झटका, मग मऊ ओलसर फडकं फिरवा.

आता आपल्या हॉस्टेलकडे वळू. टीव्ही रूममध्ये टीव्ही कुठे आहे? खिडक्यांच्या बरोब्बर समोर! दुपारच्या मॅचला आपण स्कोअर कमी आणि एकमेकांची तोंडं जास्त बघतो. नवीन टीव्हीची मागणी नोटीस बोर्डावर लागली आहे खरी, पण त्याआधी येत्या रविवारी मी आरसा घेऊन तिथे येतोय. खुर्च्यांत बसून "काय दिसतंय" ते सांगायला आठ-दहा जण लागतील. रेक्टर सरांनी फक्त भिंतीला दोन भोकं पाडायची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

बाय द वे, परवा मामांचा फोन आला होता. म्हणाले, "टीव्ही बरा दिसतोय रे. आता त्यात मी दिसत नाही."

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)