चिकटपट्टीच्या नव्वद वर्षांचा हिशेब

अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीचे रिचर्ड ड्र्यू यांची सेलोफेनची पारदर्शक चिकटपट्टी १९३०मध्ये बाजारात आली, तेव्हा महामंदीचे दिवस होते. मोडके टाकून देण्याऐवजी सांधून वापरणे लोकांना भाग होते, आणि फाटकी पुस्तके जोडण्याच्या कामी ही पट्टी लगेच रुळली. खळ शिजवायला नको, वाळण्याची वाट बघायला नको, शिवाय पट्टीखालची अक्षरेही दिसतात. ब्रिटनमध्ये १९३७मध्ये सेलोटेप आला आणि पुढे आपल्याकडे अशा साऱ्याच पट्ट्यांना तेच नाव पडले. या नव्वदहून अधिक वर्षांकडे मागे वळून पाहिले, तर एक निष्कर्ष टाळता येत नाही : कागदाची दुरुस्ती ती आज किती झटपट झाली यावर जोखायची नसते, उद्या ती कागदाला न दुखवता सोडवता येईल का यावर जोखायची असते. या कसोटीला चिकटपट्टी उतरलेली नाही.

कारण तिच्या घडणीतच आहे. जुन्या पट्ट्यांचा चिकट थर रबर आणि राळ यांचा असे. हवेतल्या प्राणवायूने हे रबर बदलत जाते. आधी ते मऊ, तेलकट होऊन कागदाच्या तंतूंत उतरते. तिथला कागद अर्धपारदर्शक होतो, बॉलपेनची शाई फुटते. मग ते पिवळे-तपकिरी पडून कडक होते. वरचा पापुद्रा आपोआप गळून पडतो, फाटलेल्या कडा पुन्हा सुट्या होतात आणि कागदात मुरलेला डाग तेवढा उरतो. हा डाग कडक होण्याआधी योग्य द्रावकाने बराचसा निघू शकतो. नंतर बहुतेक द्रावके त्याला दाद देत नाहीत, आणि जी चालतात त्यांनी शाईही विरघळण्याचा धोका असतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत १९४७पासून सापडत गेलेल्या हस्तलिखितांचा आहे. १९५०च्या दशकात जेरुसलेममध्ये त्यांचे हजारो तुकडे जुळवताना अभ्यासकांनी ते चिकटपट्टीने जोडले आणि काचांमध्ये दाबून ठेवले. हेतू चांगलाच होता. पण पट्टीतला चिकट पदार्थ चामड्यात मुरला, तुकडे काळवंडले, काही ठिकाणी मजकूर वाचेनासा झाला. १९९१मध्ये इस्रायलच्या पुरातत्त्व विभागाने या हस्तलिखितांसाठी खास प्रयोगशाळा उभारली. पट्ट्या आणि त्यांचे डाग काढणे हे तिथले अतिशय जिकिरीचे काम ठरले. गुहेच्या कोरड्या हवेत दोन हजार वर्षे तगलेल्या चामड्याची ही गत काही दशकांत झाली.

यावर कोणी म्हणेल, आता पट्ट्या सुधारल्या आहेत. ते खरे आहे. १९६१मध्ये आलेल्या मॅट पट्टीत ॲक्रिलिकचा चिकट थर होता आणि तो सहसा पिवळा पडत नाही. पुढे पातळ कागदाच्या, आम्लरहित पट्ट्याही निघाल्या. पण न पिवळणे वेगळे आणि सुटून येणे वेगळे. ॲक्रिलिकही हळूहळू तंतूंत शिरते, कडेने बाहेर येऊन धूळ धरते, आणि जुनी पट्टी ओढली तर कागदाचा थर सोबत येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गावोगावच्या ग्रंथालयांकडे ना तज्ज्ञ, ना वेळ. म्हणूनच इथे सरसकट बंदी घालण्यात अर्थ नाही. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत सहज विकत मिळते, ते वाचकांच्या हाती फिरते राहावे म्हणून पट्टी लावली तर बिघडत नाही. पण मोडी कागद, हस्तलिखित, जुने खरेदीखत, पहिल्या आवृत्तीची दुर्मिळ प्रत यांना ती मुळीच लावू नये. त्यांच्यासाठी गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यूची पट्टी हा पारखलेला मार्ग आहे. टिश्यू कात्रीने न कापता हाताने फाडतात, म्हणजे कडेचे लांब तंतू मूळ कागदात मिसळतात. वर टीपकागद ठेवून वजनाखाली वाळवतात. पुढे कधी गरज पडली, तर किंचित ओलाव्याने हा जोड सुटतो. शाई पाण्याने फुटणारी असेल, तर हे काम जाणकारावरच सोपवावे.

आणि जाणकार मिळेपर्यंत काय करायचे? फाटलेले पान त्याच्या तुकड्यांसह स्वच्छ, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि पाकिटावर पुस्तकाचे नाव व पानाचा क्रमांक लिहा. जुनी पट्टी आधीच लागलेली असेल, तर ती स्वतः ओढून काढू नका. फाटलेले पान केव्हाही जोडता येते. पट्टीचा मुरलेला डाग मात्र पुरता निघेलच, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.