मेंदूतील रक्तस्राव आणि औषधाची कसोटी

कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस अचानक 'डोकं फुटतंय' म्हणून ओरडतो, त्याला उलट्या होतात, मान ताठते, शुद्ध हरपते. आपल्या वस्त्यांतून अजूनही कोणी म्हणते, 'बाहेरचं लागलं.' बाहेरचे काही नसते. मेंदूच्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटलेला असतो. डॉक्टर त्याला अन्युरिझम म्हणतात.

शस्त्रक्रियेत चिमटा लावून, किंवा आतून बारीक तारेची वेटोळी भरून हा फुगा बंद करतात. पण धोका तेथे संपत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. रक्त न पोचलेला भाग मरतो. कोणाचा हात लुळा पडतो, कोणाची वाचा जाते. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, की सारे घरच बसते.

हे टाळणारे औषध आहे काय? ब्रिटनमध्ये ५५४ रुग्णांची पाहणी झाली. निम्म्यांना निमोडिपीन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, दर चार तासांनी, २१ दिवस. १९८९ साली निकाल आला. साध्या गोळीच्या गटात शंभरात ३३ जणांच्या मेंदूला इजा झाली, निमोडिपीनच्या गटात २२ जणांच्या. आजही हेच औषध देतात.

पुढे मॅग्नेशियमवर मोठी आशा होती. १,२०४ रुग्णांवर तपासले. २०१२ साली कळले, फायदा नाही. सिमव्हास्टॅटिन ८०३ रुग्णांवर तपासले. २०१४ साली तेच उत्तर आले. मोठ्या डॉक्टरांना पटले म्हणून औषध खरे ठरत नाही. कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश येथेही लागू पडतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. असे डोके दुखले तर अंगारा-धुपाऱ्यात एक तासही घालवू नका, मोठे इस्पितळ गाठा. निमोडिपीन सुरू असेल तर 'आता बरे वाटते' म्हणून मनाने बंद करू नका. आणि नव्या औषधाच्या चाचणीसाठी सही किंवा अंगठा मागितला, तर कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलामुलींकडून वाचवून घ्या. होकार द्यायचा की नकार, हा तुमचा हक्क आहे. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळालेच पाहिजेत.

जय भीम!